न आलेल्या लाल चिठ्ठीचं गणित

पुणे, ५ ऑगस्ट २०००

ती. आत्यास शरणार्थ,

मी पुण्याला पोचले, खोली मिळाली, डबा लागला, आमटीत गूळ घालतात, हे सगळं अप्पांकडून तुला कळलं असेलच. त्यांना जे लिहिलं नाही ते तुला लिहिते.

अप्पा धर्मापुरीत दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतात की पोरगी पुण्यात कॉम्प्युटर शिकते. परळीच्या टायपिंग क्लाससारखंच काहीतरी, फक्त मोठ्या गावातलं, असं त्यांच्या डोक्यात आहे. मी खुलासा केला नाही, कारण मलाच महिनाभर नीट सांगता येत नव्हतं. आता थोडं येतं. माणसाच्या पेशीतला सगळा मजकूर वाचून झाल्याची बातमी जूनमध्ये पेपरात आली होती ना? तो मजकूर चारच अक्षरांचा आहे: ए, टी, जी, सी. झाडांचाही तसाच. पण तो इतका लांब असतो की माणसानं वाचायला बसायचं म्हटलं तर जन्म पुरायचा नाही. म्हणून कॉम्प्युटरला वाचायला लावायचं. तुरीची ओळ वर, हरभऱ्याची ओळ खाली, कुठे जुळतंय आणि कुठे बदललंय ते बघायचं. जुळणं खरं की नुसता योगायोग, हे ठरवायचं. याला बायोइन्फर्मॅटिक्स म्हणतात.

आणि ते ठरवायला गणित लागतं. इथेच माझं गाडं अडलंय. वर्गात आम्ही वीस जण. चौदा इंजिनियर नाहीतर गणितवाले, सहा जण माझ्यासारखे झाडं-प्राणी शिकलेले. एम.एस्सी.ला मी तिसरी आले होते, आणि इथे पहिल्या तासाला फळ्यावरची पहिली ओळ मला वाचता आली नाही. तिच्यात लॉग होता. लॉग म्हणजे काय, हे शेजारच्याला विचारायची लाज वाटली, म्हणून मी वहीत तसाच उतरवून घेतला. चित्र काढतात तसा.

आम्हा सहा जणांना डिसेंबरमध्ये गणिताचा पूरक पेपर आहे. शंभरात चाळीस हवेत. नाही मिळाले तर जागा रद्द आणि सामान घेऊन घरी. फेरपरीक्षा नाही.

दहावीनंतर गणित सोड, हे तूच सांगितलं होतंस. मी ऐकलं. तेव्हा आता निस्तरायचंही तूच. तीस वर्षं गणित शिकवलंयस, मला पत्रातून शिकव. पहिला धडा लॉग.

तुझी,
स्वप्नाली


तेलगाव, १७ ऑगस्ट २०००

चि. स्वप्नाली,

आशीर्वाद आहेतच, पण आधी कान पकड. न कळलेलं चित्रासारखं उतरवून घ्यायचं आणि मान डोलवायची, हे आमच्या तिसरीतली पोरं करतात. त्यांना मी बाकावर उभं करते.

लॉगचं सांगते. तुझ्या बापाच्या दुकानात लहानपणी कापडाच्या घड्या घातल्यास ना? कापड एकदा दुमडलं की दोन थर. पुन्हा दुमडलं की चार. मग आठ, सोळा, बत्तीस. आता मी तुला बत्तीस थरांची घडी हातात दिली आणि विचारलं, किती वेळा दुमडलंय? पाच वेळा. झालं. बत्तीसचा लॉग पाच. थर किती ते दिलेलं असतं, दुमडलं किती वेळा ते विचारतात. तुमच्या कोर्सात दोनाऐवजी दहानं दुमडत असतील, त्यानं काही बिघडत नाही.

आणखी एक गंमत बघ. आधी तीनदा दुमडलं, आठ थर झाले. मग आणखी दोनदा, म्हणजे चौपट. आठ चोक बत्तीस. पण दुमडण्याच्या बाजूनं पाहिलंस तर तीन आणि दोन पाच. तिकडे गुणाकार चाललाय, इकडे नुसती बेरीज. मोठमोठे गुणाकार टाळायला लोकांनी ही युक्ती काढली. म्हणजे लॉग हा आळशी माणसाचा शोध आहे, त्याला घाबरण्यात काय अर्थ.

शाळेत पाचवीचा वर्ग माझ्याकडे आहे, पटावर एक्केचाळीस पोरं. दसऱ्यानंतर ऊसतोडीला घरं निघतील तेव्हा अर्धा वर्ग रिकामा होईल, तोवर अपूर्णांक उरकायचे आहेत. पुढचा प्रश्न पाठव.

आत्या


पुणे, ९ सप्टेंबर २०००

ती. आत्यास,

तुझ्या घडीनं चमत्कार केला. सरांनी काल सांगितलं की दोन ओळी जुळवताना प्रत्येक जागेचे गुण द्यायचे आणि शेवटी बेरीज करायची. एका गणितवाल्यानं विचारलं, शक्यतांचा तर गुणाकार असतो, बेरीज कशी? मी म्हणाले, गुण म्हणजे लॉग आहेत, दुमडण्याची बेरीज होते. दुमडण्याची हा शब्द ऐकून सर जरा थबकले, पण बरोबर म्हणाले. आत्या, त्या दिवशी मी डब्यातली गोड आमटीसुद्धा वाटीभर प्यायले.

शेजारी बसणाऱ्याला आता मी विचारते. सत्यम त्याचं नाव, नांदेडचा इंजिनियर. मला वाटायचं त्याला सगळं येतं. परवा त्यानं हळूच विचारलं, झाडांना रक्तगट असतो का गं? त्यांनाही जीवशास्त्राचा पूरक पेपर आहे म्हणे. तेव्हापासून आमची देवाणघेवाण चालू आहे, पण गणित शिकवताना तो इतका भरभर बोलतो की तूच बरी.

आता दोन प्रश्न. पहिला असा. सहा अक्षरांचा एक शब्द आहे. चारच अक्षरं असल्यामुळे कुठल्याही एका जागी तो आपसूक जुळण्याची शक्यता ४०९६ मध्ये एक. हे मला कळतं, चार गुणिले चार असं सहा वेळा. आता समोर ४०९६ जागांचा मजकूर आहे. त्यात तो शब्द कुठेतरी सापडणारच का?

दुसरा. दोन ओळी एकाखाली एक लावताना कधी एकीतली काही अक्षरं गळालेली असतात. तिथे रिकामी जागा सोडावी लागते, आणि रिकामी जागा सोडली की गुण कापतात. पण सलग तीन जागा रिकाम्या असतील तर कमी कापतात आणि तीन ठिकाणी एकेक असेल तर जास्त. जागा तर तीनच. असं का? पुस्तकात नुसतं सूत्र आहे.

पुढच्या महिन्यात चाचणी आहे, तेव्हा लवकर लिही.

स्वप्नाली


तेलगाव, २४ सप्टेंबर २०००

चि. स्वप्नाली,

पहिला प्रश्न अगदीच सोपा, तू उगीच डोकं शिणवतेस. डब्यात चार चिठ्ठ्या आहेत, तीन पांढऱ्या, एक लाल. एक उचलायची, बघायची, परत टाकायची. लाल येण्याची शक्यता चारात एक. म्हणजे चार वेळा उचललं की एकदा लाल येणारच. तसंच ४०९६ जागी शोधलंस की तुझा शब्द एकदा सापडणारच. यात शंका घ्यायचं कारण नाही. चाचणीत ठणकावून लिही.

दुसऱ्याचं सवडीनं लिहिते. सध्या सहामाहीचे पेपर काढायचे आहेत.

आत्या


पुणे, ३० ऑक्टोबर २०००

ती. आत्यास,

दिवाळीला आले नाही म्हणून अप्पा रागावले आहेत, तूही असशील. यायचं मनच झालं नाही.

चाचणीत चाळीसपैकी नऊ मिळाले. तू सांगितलंस तसं ठणकावून लिहिलं होतं. पेपर वाटताना सरांनी ते उत्तर चूक म्हटलं तेव्हा मी उभी राहून भांडले. माझी आत्या तीस वर्षं गणिताची शिक्षिका आहे, असंही म्हणाले. सर रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, नाणं दोनदा उडवलं तर एकदा छापा पडणारच का? वर्ग हसला. सत्यमनं खाली बघितलं, ते हसण्यापेक्षा जास्त लागलं.

सर म्हणाले, अशा मजकुरात शंभरातल्या सदतीस वेळा तो शब्द सापडतच नाही. सदतीस कुठून आले ते मला कळलं नाही आणि विचारायची ताकद उरली नव्हती.

मला तुला एकच विचारायचंय. तुला उत्तर माहीत नव्हतं, तर तसं लिहिलं का नाहीस? पेपरला सात आठवडे राहिलेत.

स्वप्नाली


तेलगाव, १ डिसेंबर २०००

चि. स्वप्नाली,

महिना झाला, मी तुला उत्तर दिलं नाही. तीन पत्रं लिहून फाडली. हे चौथं फाडणार नाही असं ठरवून बसले आहे.

मला उत्तर माहीत नव्हतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मी मॅट्रिक आणि डी.एड. तीस वर्षं गणित शिकवलं ते सातवीपर्यंतचं, तेच तेच. लॉग मी आयुष्यात केला नव्हता. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा एस.टी.नं माजलगावला गेले आणि तिथल्या कॉलेजातल्या पंडित सरांना विचारून आले. घड्या माझ्या, बाकी विद्या त्यांची. तू खूश झालीस आणि मला वाटलं, आता कुणाला विचारायची गरज नाही. दुसऱ्या वेळी माजलगावला गेले नाही. त्याचे तुला नऊ गुण मिळाले.

याच्याही मागचं एक आहे. दहावीच्या सुट्टीत तू माझ्याकडे होतीस. तू विचारलं होतंस, ऋण गुणिले ऋण धन का होतं? मी म्हणाले, नियम आहे. तू म्हणालीस, नियम कुणी केला आणि का? मला सांगता येईना. एवढ्याशा पोरीसमोर मला लाज वाटली, आणि मी म्हणाले, हे तुझ्या आवाक्यातलं नाही, गणित सोड, जीवशास्त्र घे. पोरी, आवाक्यातलं नव्हतं ते माझ्या. तू माझ्या लाजेपायी गणित सोडलंस. हे मी सात वर्षं जाणून आहे. तुझ्या पहिल्या पत्रातलं 'आता निस्तरायचंही तूच' वाचून मी बराच वेळ पत्र हातात धरून बसले होते.

आता या महिन्यात काय केलं ते सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आधी मी हजेरीपट काढला. मला वाटलं, माझंच खरं असेल, तुझे सर चुकले असतील. दसऱ्याआधीच्या आठवड्यात रोज साधारण चारातलं एक पोर गैरहजर होतं. मग माझ्या म्हणण्याप्रमाणे चार दिवसांत प्रत्येकाची एकदा तरी गैरहजेरी लागायला हवी. बघते तर काय, निम्म्याहून जास्त पोरं चारही दिवस हजर आणि ठरावीक आठ-दहा पोरं चारही दिवस गायब. माझंही जमेना आणि तुझ्या सरांचंही जमेना. चिडून पट मिटला.

पंधरा नोव्हेंबरला भिवराबाई शाळेत आली. तिची तिन्ही पोरं माझ्या शाळेत, थोरली माझ्याच वर्गात. कोल्हापूरकडे तोडीला निघालेले.

"बाई, नावं काढू नगा पोरांची. पाडव्याला येताव आमी."

"नाव मी कुणाचंच काढत नाही, ओळ कोरी ठेवते. पण तिघांनाही नेता कावून? थोरली लई हुशार हाय. तिला तरी ठेव आजीपाशी."

"एकीला ठिवून काय करू, बाई? घर निगालं की समदंच निगतंय. तीन पोरं म्हंजी काय तीनदा निगायचं हाय व्हय?"

ती गेली, मी तिघांच्या वर्गांच्या पटांत मिळून तीन ओळी कोऱ्या सोडल्या, आणि तुझा दुसरा प्रश्न एकदम उभा राहिला. जागा तीन, पण निघणं एकच. तीन घरांतून एकेक पोर गेलं असतं तर तीन वेळा काहीतरी घडलं असतं, आणि ते जास्त अवघड, म्हणून जास्त गुण कापायचे. एका घरची तीन गेली तर घडलं एकदाच. तुझ्या तुरीच्या ओळीतून सलग अक्षरं गळतात तेव्हा बहुतेक एक तुकडाच्या तुकडा निघून जात असेल. हे बरोबर आहे का, हे मला माहीत नाही. या वेळी तसं स्पष्ट लिहिते आहे. तू झाडं शिकलीस, तूच सांग.

मग हजेरीपटावर माझं गणित का बसलं नाही तेही कळलं. पोरं चिठ्ठ्या टाकून गैरहजर राहत नाहीत, घरानुसार राहतात. तेव्हा खऱ्याच चिठ्ठ्या घ्यायच्या ठरवल्या. वर्गात एकोणीस पोरं उरली होती. डबा केला, तीन पांढऱ्या, एक लाल. प्रत्येकानं चार वेळा उचलायची आणि परत टाकायची. लाल एकदाही आली नाही त्यानं हात वर करायचा. माझ्या म्हणण्याप्रमाणे एकही हात वर व्हायला नको होता. सात झाले.

पाच दिवस रोज केलं. पंच्याण्णव खेळांत एकतीस वेळा लाल आलीच नाही. तिघांत जवळजवळ एक. पोरांना इतकं वेड लागलं की मधल्या सुट्टीत बाहेर जाईनात. आणि मी फळ्यासमोर उभी राहून विचार करत होते, हा तिसरा हिस्सा येतो कुठून? पाचव्या दिवशी कळलं. लाल येण्याचा हिशेब मी करत होते, न येण्याचा करायला हवा. एकदा न येण्याची शक्यता चारात तीन. दोनदा न येण्याची त्यातल्याही चारात तीन. चार वेळा गुणलं की २५६ मध्ये ८१. शंभरात एकतीस-बत्तीस. माझ्या पोरांनी हेच मोजलं होतं. तुझ्या शब्दाचं तसंच, ४०९६ मध्ये ४०९५, हे ४०९६ वेळा गुणायचं. सदतीस त्यातूनच निघत असणार, पण एवढा गुणाकार मला हातानं होणार नाही.

स्वप्नाली, तीस वर्षांत पहिल्यांदा मी गणित केलं. आधी केलं ते शिकवणं होतं. फळ्यासमोर माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पोरांना वाटलं खडू गेला.

तू रागावली असशील तर रागाव. पण अभ्यास कर. अठरा तारखेला तुझा पेपर चालू असेल तेव्हा मी इथे देव पाण्यात घालून बसलेली असेन.

आत्या


पुणे, २० डिसेंबर २०००

ती. आत्यास शरणार्थ,

तुझं पत्र सहा तारखेला मिळालं. मी ते तीनदा वाचलं, तिसऱ्यांदा सत्यमला वाचून दाखवलं. मला रडू येत होतं आणि तो म्हणत होता, भिवराबाईला इथे व्याख्यानाला बोलवायला पाहिजे. तुकडाच्या तुकडा गळतो हे अगदी बरोबर आहे. आमच्या पुस्तकात हे एवढं सरळ कुठेच लिहिलेलं नाही. मी तुझ्यावर रागावले होते हे खरं, पण दहावीतलं वाचल्यावर राग उरला नाही. मला इतकी वर्षं वाटत होतं की माझ्याच डोक्यात काहीतरी कमी आहे.

आता वाईट बातमी. हातातून जागा जाण्याची वेळ आली आहे, आणि ती गणितामुळे नाही.

पेपर बरा चालला होता. रिकाम्या जागांचा प्रश्न आला, दोन पानं लिहिली. मग एक प्रश्न असा आला. चार अक्षरांतून कशीही पाच अक्षरं एका ओळीत मांडली, तर शेजारीशेजारी तेच अक्षर आल्याचं एकदा तरी दिसण्याची शक्यता किती? मी असा प्रश्न कधी पाहिला नव्हता. डोकं बंद पडलं. मग मला तुझी पोरं आठवली. कच्च्या कागदाचा कोपरा फाडला, चार चिठ्ठ्या केल्या, त्यांवर ए, टी, जी, सी लिहिलं, आणि मांडीवर रुमालात ठेवून उचलायला लागले. पाच वेळा उचलायचं, बघायचं, परत टाकायचं, ओळ कच्च्या कागदावर उतरवायची, पुन्हा पहिल्यापासून. आठ वेळा केलं, पाच वेळा जोडी आली. आणि उचलता उचलता कळलं, आत्या. पहिलं अक्षर काहीही असो. पुढच्या प्रत्येकानं आधीच्याला चुकवायचं, म्हणजे चारात तीन. चार वेळा चुकवायचं. ही तुझीच लाल चिठ्ठी. उत्तर लिहायला पेन उचललं आणि पर्यवेक्षकांनी माझा हात धरला.

परीक्षेत मांडीवर चिठ्ठ्या. त्यांनी माझं ओळखपत्र पाहिलं, गाव वाचलं आणि म्हणाले, "बीड जिल्हा. तिकडे चालत असेल हे, इथे चालत नाही."

मी सांगत होते की या कॉपीच्या नाहीत, मोजायच्या आहेत. ते म्हणाले, अक्षरं लिहिलीत, खुणा असतील. चिठ्ठ्या पाकिटात घातल्या, पाकीट बंद केलं, माझी सही घेतली. पेपर पुरा करू दिला, पण तो तपासायचा की नाही हे पाच जानेवारीला विभागप्रमुख ठरवणार. कॉपी ठरली तर जागा रद्द.

बाकावर उघड्यावर उचलल्या असत्या तर कुणी काही म्हटलं नसतं. पण आजूबाजूला इंजिनियर बसलेले, त्यांच्यासमोर लहान पोरीसारख्या चिठ्ठ्या उचलायची मला लाज वाटली. घराण्याचा रोग आहे हा.

अप्पांना काही सांगू नकोस. लेखी खुलासा मागितलाय, मी दिला, पण माझ्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार?

स्वप्नाली


तेलगाव, २४ डिसेंबर २०००

माननीय विभागप्रमुख महोदय,

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आपल्या विभागातली विद्यार्थिनी स्वप्नाली ही माझ्या भावाची मुलगी. अठरा तारखेच्या पेपरात तिच्याजवळ चिठ्ठ्या सापडल्या, त्याबद्दल लिहीत आहे. तिनं मला असं पत्र लिहायला सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण ती माझ्यावर गेली आहे.

त्या चिठ्ठ्या कॉपीच्या नाहीत. ती पद्धत माझी आहे. ऑक्टोबरच्या चाचणीत तिनं एक चुकीचं उत्तर आपल्या वर्गात ठणकावून दिलं, तेही माझं होतं. चारात एक शक्यता म्हणजे चार वेळांत एकदा होणारच, असं मी तिला लिहून कळवलं होतं. मी तीस वर्षं गणित शिकवते आणि मला हे येत नव्हतं. हे वाक्य मी कुणापुढे कधी उच्चारलेलं नाही. आपण अनोळखी आहात, तरी आपल्याला लिहून देत आहे, कारण माझी अब्रू आणि तिची जागा यांत तिची जागा मोठी आहे.

आमच्या शाळेतल्या एकोणीस मुलांकडून पाच दिवस चिठ्ठ्या उचलून घेऊन मी ते शिकले. पंच्याण्णव खेळांचा तक्ता सोबत जोडला आहे. मुलांनी स्वतः भरला आहे, म्हणून अक्षर वाकडं आहे आणि दोन ठिकाणी शाई सांडली आहे. स्वप्नालीच्या पाकिटातल्या चिठ्ठ्यांवर प्रत्येकी एकच अक्षर असेल, आणि तिच्या कच्च्या कागदावर तिनं उचललेल्या ओळी असतील. त्या ओळी आणि हा तक्ता आपण शेजारी ठेवून पाहावेत, एवढीच विनंती.

आमच्या जिल्ह्यात परीक्षेत कॉपी चालते हे मी नाकारत नाही. मी स्वतः ती पकडते. म्हणूनच सांगते, कॉपीच्या चिठ्ठीत उत्तर असतं. हिच्या चिठ्ठीत प्रश्न होता.

आपली,
शिवगंगा


पुणे, १९ जानेवारी २००१

ती. आत्यास शरणार्थ,

पास झाले. सत्तेचाळीस.

पाच तारखेला मला आत बोलावलं तेव्हा टेबलावर पाकीट उघडलेलं होतं. चार चिठ्ठ्या, माझा कच्चा कागद आणि शेजारी शाई सांडलेला एक तक्ता. तो तुझा आहे हे कळायला मला वेळ लागला. तू पत्र पाठवलं होतंस हे मला माहीतच नव्हतं. विभागप्रमुखांनी ते माझ्या हातात दिलं, म्हणाले, आधी वाचा. त्यांच्यासमोर मी ते वाचू शकले नाही, आत्या. पहिल्या पानानंतर अक्षरं दिसेनात. ते खिडकीकडे जाऊन उभे राहिले.

मग त्यांनी पर्यवेक्षकांना बोलावलं आणि माझ्याकडून त्याच चिठ्ठ्या रुमालात ठेवून टेबलावर उघड्यावर उचलून घेतल्या. दहा वेळा. सात वेळा जोडी आली. पर्यवेक्षक मोजत होते. त्यांनी गावाचं बोलल्याबद्दल माफी मागितली नाही, पण दहाव्या वेळी उचलायला रुमाल त्यांनीच पुढे केला. पेपर त्याच दिवशी तपासायला गेला.

तुला निरोप आहे. विभागप्रमुख म्हणाले, पंच्याण्णव खेळ कमी आहेत, पाचशे केले तर आकडा आणखी जवळ जाईल, मुलांना विचारा करतील का. आणि तुझा तक्ता त्यांनी परत दिलेला नाही. पुढच्या वर्षी पहिल्या तासाला दाखवायचा म्हणतात. तुझी परवानगी विचारली आहे. मी तुझ्या वतीनं होकार दिला, रागावू नकोस.

सत्यम जीवशास्त्रात एक्केचाळीसवर निसटला.

अप्पांना मी आता सगळं लिहिलंय, चिठ्ठ्यांसकट. तुझ्याबद्दलचं फक्त चांगलं तेवढंच लिहिलंय. बाकीचं तुझं तू सांग, सांगावंसं वाटलं तर.

काल दुसऱ्या सत्राचा प्रवेशअर्ज भरला. त्यात एक रकाना आहे, गणिताचं शिक्षण कुठे झालं. जूनमध्ये मी तिथे 'दहावीपर्यंत' लिहून पुढे गेले होते. या वेळी मी 'जि. प. शाळा, तेलगाव' असं लिहिलं आणि पुढे 'इयत्ता पाचवी, सन २०००' असं घातलं. खिडकीवरच्या बाईंनी अर्ज परत केला, म्हणाल्या, तुम्ही एम.एस्सी. ना, हे चुकून पडलंय, खोडा.

मी म्हणाले, चुकून नाही, राहू द्या. त्यांनी शिक्का मारला.

तुझी,
स्वप्नाली